वादविवाद नको, उचलीचा हिशेब मांडा

प्रश्न : सर, मी जालना जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सामाजिक न्याय हा घटक आहे. वर्गात जरा जान यावी म्हणून मी 'आरक्षण असावे की नसावे' असा वादविवाद ठेवला. दहाव्या मिनिटाला मराठा मुलं एका बाजूला आणि ओबीसी मुलं दुसऱ्या बाजूला. एकाच एस.टी.नं येणारे दोन मित्र तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. कुणीतरी क्लिप काढून गावच्या ग्रुपवर टाकली, एका पालकाचा प्राचार्यांना फोन आला. प्राचार्य म्हणाले, 'मॅडम, पोर्शन संपवा, नसत्या भानगडी कशाला?' आणखी एक सांगते. 'दलित' शब्द निघाला की अख्खा वर्ग एका मुलीकडं वळून बघायचा. ती आठ दिवस झाले आलेली नाही. माझं आडनाव तीन-चार जातींत सापडतं, त्यामुळं मुलं आडून आडून मूळ गाव विचारतात, पाव्हणे कुठले विचारतात. मी हा घटक गाळून पुढं जाऊ का?
– एक प्राध्यापिका

ताई,

घटक गाळायचा की शिकवायचा हे पुढच्या आठवड्यात ठरवलं तरी चालेल. आधी त्या मुलीचं बघा.

आज संध्याकाळी तुम्ही स्वतः तिला फोन करा. मैत्रिणीकरवी निरोप नको आणि वर्गाच्या ग्रुपवर 'कुठे आहेस' तर मुळीच नको. फोनवर लांबण लावू नका. 'वर्ग तुझ्याकडं बघत होता, मी थांबवायला पाहिजे होतं, थांबवलं नाही, चूक माझी,' एवढं बोला. 'तू मन मोकळं केलं असतंस तर बरं झालं असतं' असलं काही बोलू नका. तिला मन मोकळं करायचं नव्हतं, पेपर द्यायचा होता. शिष्यवृत्तीला हजेरी लागते, तेव्हा बुडालेले तास कसे भरून काढायचे याची लेखी सोय तुम्हीच करून ठेवा. ते मागायला तिला ऑफिसच्या खिडकीवर उभं राहायला लावू नका.

मी हे ठासून सांगतोय, कारण ही चूक माझ्या हातून तुमच्यापेक्षा वाईट झालेली आहे. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं, त्यानंतर दोनेक वर्षांतली गोष्ट. मी नवा लागलेलो, अंगात उत्साह मावत नव्हता. अस्पृश्यतेवरचा तास होता. पहिल्या बाकावर एक हुशार मुलगा बसायचा. त्याला म्हणालो, 'तू सांग बरं, तुमच्या वस्तीत कसं असतं?' तो उठला, पाच मिनिटं बोलला. वर्ग चिडीचूप. मी खूश. स्टाफरूममध्ये चहा पिताना दोघांना सांगितलंसुद्धा, काय तास झाला म्हणून! दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसायला लागला. वर्षअखेरीस पुस्तकं परत द्यायला आला तेव्हा म्हणाला, 'सर, तुमी मला उभं केलं तवापासून पोरं मला नावानं नाही, वस्तीनं ओळखायलेत.' मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. वर्गात कुणालाही त्याच्या जातीचा साक्षीदार करायचं नाही. ज्याला स्वतःहून बोलायचंय तो बोलेल, पण बहुतेक वेळा वर्ग सुटल्यावर, व्हरांड्यात, एकट्यात बोलेल. त्या वेळेसाठी घाईनं निघून जाऊ नका, एवढंच.

आता वादविवादाकडं येतो. हा प्रकारच या विषयाला मारक आहे. 'असावे की नसावे' म्हटलं की मुलाला मत लागतं, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचं मत म्हणजे बहुधा घरात, पारावर आणि मोबाइलवर ऐकलेलं. तो ते चारचौघांत छाती पुढं काढून बोलतो आणि मग ते मागं घेता येत नाही, कारण मागं घेतलं तर बापाला खोटं पाडल्यासारखं होतं. त्यात तुम्ही जालना जिल्ह्यात. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर झालेला 1 सप्टेंबर 2023 चा लाठीमार तुमच्या मुलांनी पेपरात नाही, घरात ऐकलाय. 2024 च्या जूनमध्ये जवळच वडीगोद्रीला ओबीसींचं उपोषण झालं. कुणाचा चुलता मंडपात बसून आलेला, कुणाची बहीण जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालून दमलेली. त्यांच्यापुढं तुम्ही 'असावे की नसावे' टाकलं म्हणजे पेटलेल्या गंजीवर रॉकेल टाकलं. बाजू बदलून बोलायला लावा, अशी एक युक्ती प्रशिक्षणात सांगतात. मला ती नाटकी वाटते. पोरं हसतात आणि घरी जाऊन तेच बोलतात.

मत विचारूच नका. हिशेब मांडायला लावा.

माझा हिशेब उसाचा असायचा. जालना, बीड, परभणी कुठंही जा, दिवाळीच्या आसपास वर्गातली काही नावं गळतात. काही मुलं आईबापाबरोबर तोडीला गेलेली असतात, काही मागं राहून धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. हा विषय कुणाला शिकवावा लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतो, आणि म्हणूनच त्याच्याकडं कुणी नीट बघितलेलं नसतं. फळ्यावर मी एक शब्द लिहायचो : कोयता. म्हणजे काय? मुलं सांगायची, नवरा-बायकोची जोडी. एक कोयता म्हणजे दोन माणसं. मग उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, किती? मुकादमानं, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदारानं, कधी दिली? टनाला भाव काय? खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, तर किती कापतात? वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या चाऱ्याचे, पैसे कुणाच्या हातात पडतात? दवाखाना, किराणा कुणाच्या खात्यावर? शेवटी उचल फिटली की अंगावर बाकी राहिली? आकडे मी द्यायचो नाही, मुलांनी आणायचे. एकदा एकानं मुकादमाच्या वहीतल्या पानाची झेरॉक्सच आणली. त्या दिवशी मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

त्या पानावर कोयत्यांची नावं होती आणि सगळी पुरुषांची होती. मी विचारलं, कोयता दोघांचा, मग नाव एकाचंच का? एक मुलगी म्हणाली, 'सर, पैसे बापाकडंच देतात ना.' बाईनं अर्धा ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या, गाडी भरू लागली, पण वहीत तिचं नाव नाही. नाव नाही म्हणजे मजुरी तिची नाही, तक्रार तिची नाही, पुरावाही नाही. 'समान कामाला समान वेतन' हे घटनेच्या 39 व्या कलमातलं वाक्य त्यानंतर वाचा. मुलं ते पाठ करत नाहीत, त्या वहीला लावून बघतात.

मग खाड्यावर या. पाळीच्या दिवसांत बाई फडात गेली नाही तर खाडा. बाळंतपण झालं, अंगावरून जास्त जायला लागलं, तरी खाडा. त्याला जोडून सरकारी आकडा ठेवा. 2019 मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या वेळी बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. भागाकार मुलांना करू द्या. दर सहा बायकांमागं एक येते. त्या तासाला कुणी बोलत नाही, आणि बोलायला लावायचंही नाही. अनेकांना आपल्या घरातली बाई आठवलेली असते. 'कुणाच्या घरी असं झालंय का?' हा प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नका, ताई. मोह होतो, मी ओळखतो तो मोह.

टोळीत वंजारी असतात, बंजारा असतात, दलित असतात, मराठाही असतात. म्हणून हा हिशेब मांडताना वर्ग पहिल्यांदा एका बाजूला येतो. तिथं थांबायचं नाही. तुमच्या वर्गाला ते हवंहवंसं वाटेल, 'बघा मॅडम, गरिबी सगळ्यांचीच, जात कुठंय?' असं कुणीतरी म्हणेल आणि सगळे माना डोलावतील. प्राचार्यही खूश होतील. इथंच बऱ्याच चांगल्या शिक्षकांचा तास संपतो आणि विषय अर्धा राहतो.

म्हणून दुसरा हिशेब खोलीचा. स्पर्धा परीक्षेसाठी किंवा बारावीनंतरच्या क्लाससाठी दोन मुलं लातूरला किंवा संभाजीनगरला जातात. दोघांचे बाप तोडीला जाणारे, दोघांकडं डिपॉझिट तेवढंच, दोघांना टक्केही तेवढेच. घरमालक विचारतो, 'पूर्ण नाव काय?' मग, 'गाव कोणतं? गावात कुठं राहता?' एकाला खोली मिळते, दुसऱ्याला 'कालच दिली हो' मिळतं. फळ्यावर दोघांचा खर्च मांडा : दुसऱ्याच्या फेऱ्या, जास्तीचं भाडं, लांबची खोली, सिटी बसचे पैसे, रोजचा गेलेला तास. वर्षाचा आकडा काढा. गरिबी दोघांची सारखी असून हा खर्च एकालाच का पडला, याला मुलांनी नाव द्यायचंय. उदाहरण कल्पनेतलं ठेवा, वर्गातल्या कुणाचं नको. तुमच्या वर्गात अशी मुलं बसलेली असणारच, आणि गोष्ट दुसऱ्याची म्हणून सांगितली की ती सुटकेचा श्वास टाकतात.

यालाच जोडून गावाचा नकाशा काढायला सांगा. मारुतीचं देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, स्मशानभूमी. नकाशात स्मशानभूमी किती? दोन असतील तर दोन्ही काढायच्या. कुठल्या स्मशानाला शेड आहे, कुठल्या वाटेला पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो, हेही लिहायचं. राज्य मंत्रिमंडळानं डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तुमच्या गावातल्या पाटीवर आणि सातबाऱ्यावर आज काय लिहिलंय ते बघून या म्हणावं. मतं नंतर येतील आणि बरीच थंड होऊन येतील, कारण हातात कागद असेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवा. टक्केवारी किती असावी, कुणाला कोणत्या यादीत घ्यावं, याला दोन बाजू आहेत, चार असतील. स्मशानात जागा द्यावी की नाही याला दोन बाजू नाहीत. अस्पृश्यता बंद करणारं घटनेचं 17 वं कलम वादविवादाचा विषय नाही. वर्गात कुणी जातीवरून हिणवलं तर त्याला 'चर्चा' समजू नका. तास थांबवा, शब्द जागच्या जागी चुकीचा म्हणून सांगा आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. 1989 चा अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे हे मुलांना माहीत असतं, पण ऐकीव. तो वाचून दाखवा, धमकी म्हणून नाही.

आरक्षण शिकवायचंच आहे, ते टाळता येणार नाही. पण मराठवाड्याबाहेरून सुरुवात करा, कोल्हापूरहून. 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा आदेश आणा. संस्थानातल्या मोकळ्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासांसाठी. आता मुलांना विचारा, त्यात मागास कोण धरलेत? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सगळे. मराठा मुलं आणि ओबीसी मुलं एकाच ओळीत बसलेली सापडतात, दलितही तिथंच. वर्गात थोडी चुळबुळ होते. ती होऊ द्या, लगेच अर्थ सांगायला जाऊ नका. त्यापुढं 1951 ची पहिली घटनादुरुस्ती आणि तिनं आलेलं, मागासांसाठी खास तरतुदी करू देणारं 15(4) कलम. मग 1992 चा इंद्रा साहनी खटला, आरक्षणाची पन्नास टक्क्यांची मर्यादा आणि 'क्रीमी लेयर', म्हणजे मागासांतले सुस्थितीतले वगळणं, तिथलं. 2018 चा मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयानं 5 मे 2021 ला रद्द केला, फेब्रुवारी 2024 मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला. आणि 2 सप्टेंबर 2025 चा हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय, त्यातल्या जुन्या नोंदींच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबाबतचा.

हैदराबादचं नाव आलं की मुलं कान टवकारतात. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता हे त्यांना झेंडावंदनापुरतं माहीत असतं. आपलं जुनं दप्तर उर्दूत आणि मोडीत का, कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचणारे का शोधावे लागले, हे त्यांनी जोडलेलं नसतं. एखाद्या मुलाच्या घरी पणजोबांचा खासरा पत्रकाचा, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीचा, उतारा फडक्यात बांधून ठेवलेला असतो. तो आणायला सांगू नका, त्यात जातीचा रकाना असू शकतो. कागद कसा वाचायचा ते मात्र शिकवा. प्रत्येक कागदावर एकच पान लिहून घ्यायचं : यानं कुणाला काय मिळालं, कुणाचं काय राहिलं. 'मला वाटतं' हे शब्द त्या पानावर चालणार नाहीत. पहिल्यांदा मुलं वैतागतात.

आपल्या मातीतलं आणखी एक सांगतो. बहुतेक कॉलेजांची सहल वेरूळ-दौलताबादला जाते. 1934 मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला गेले होते. प्रवासानं सगळे धुळीनं माखलेले. किल्ल्याजवळच्या हौदाच्या पाण्यानं त्यांनी हातपाय धुतले आणि त्यावरून पाणी बाटवलं म्हणून आरडाओरडा झाला. ओरडणारे मुसलमान होते. आता गंमत बघा. तासभर जातीवर गप्प बसलेली मुलं इथं एकदम बोलायला लागतात, कारण बोट दुसऱ्याकडं गेलेलं असतं. तुम्ही ते बोट हळूच परत आणा. ज्या गावात हे शिकवताय तिथल्या आडावर 1934 मध्ये कोण कुणाला पाणी भरू देत होतं, एवढंच विचारा. वर्गात मुसलमान मुलं असतील तर त्यांना साक्षीदार करायचं नाही, हा नियम इथंही लागू.

नामांतराबद्दल थोडक्यात. पदवीच्या कागदावर एवढं लांब नाव का, इथून सुरू करता येतं. 27 जुलै 1978 चा ठराव, त्यानंतर मराठवाड्यात जळालेली घरं, सोळा वर्षं आणि मग 'नामांतर'ऐवजी 'नामविस्तार'. या दोन शब्दांतला फरक हाच एक तास आहे. पण तुमच्या मुलांचे आजोबा त्या काळात तिशीत होते, कुणी या बाजूला, कुणी त्या बाजूला. 'घरी विचारून या' हा गृहपाठ इथं देऊ नका. उसाचा हिशेब घरी विचारता येतो, हा नाही.

तुमच्या आडनावाचं. मुलं विचारणारच, त्यांना तशीच सवय लागलीय आणि आपण मोठ्यांनीच लावलीय. चिडू नका, लपवूही नका. मी एका वर्षी सांगितलं, एका वर्षी सांगितलं नाही. सांगितल्यावर माझं प्रत्येक वाक्य जातीच्या चष्म्यातून ऐकलं गेलं आणि न सांगितल्यावर तर्क लढवले गेले. दोन्हीत वर्ग बुडाला नाही. तुम्ही बाई आहात, नोकरी तासिकेची आहे, तेव्हा तुम्हाला झळ जास्त बसेल हे मला कळतं. उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर 'ते कळल्यावर मी शिकवलेलं बदलणार आहे का?' एवढं हसून म्हणा आणि खडू उचला.

प्राचार्यांशी भांडू नका. ते भित्रे नाहीत, त्यांना संस्थाचालकांचे फोन येतात. पण तोंडी परवानगीवरही राहू नका, सीएचबीवाल्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, माणसानं तर कधीच नाही. अभ्यासक्रमातल्या घटकाची ओळ, पुढच्या सहा तासांचं नियोजन आणि कोणता कागद वाचणार त्याची यादी, असं एक पान करून त्यांच्याकडं द्या, पोच घ्या. त्यावर 'वादविवाद' हा शब्द नको. 'वाचन' आणि 'हिशेब' लिहा. उसाचं काम नव्या शैक्षणिक धोरणातल्या फील्ड प्रोजेक्टमध्ये बसतं, तिथं घातलं तर त्याला गुणही मिळतील आणि कुणी 'भानगड' म्हणणार नाही. क्लिपचं म्हणाल तर तासाला मोबाइल टेबलावर, तुमचाही. पालकाचा पुन्हा फोन आला तर त्यांना तासाला येऊन बसायला बोलवा. माझ्याकडं एकच जण आला होता, उसाच्या तासाला. तो शेवटी मुकादमाच्या वहीतली चूक दाखवायला उठला.

त्या दोन मित्रांना समेटासाठी समोरासमोर बसवू नका. हिशेबाच्या एका गटात टाका, बाकी त्यांचं ते बघतील. बघतीलच असं नाही. एखाद्या वेळी मैत्री जाते आणि परत येत नाही, तुमच्या तासामुळं किंवा तुमच्या तासाशिवायही.

ती मुलगी सोमवारी आली, तर हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबू नका. 'हजर' ऐकलं की पुढचं नाव घ्या.